आयपी पत्ते मागणारी संस्था कोणत्या वर्गात बसते?

जुळे सोलापुरात घरोघर फायबर पोहोचवणारी स्थानिक कंपनी, चिंचोळी एमआयडीसीतून टॉवेल निर्यात करणारा कारखाना, बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत शाखा असलेली सहकारी बँक आणि आवारात हजारभर संगणक असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, अशा चार संस्थांनी स्वतःच्या नावावर आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांची ओळख पटवणारे क्रमांक, मागायचे ठरवले आहे असे समजू. त्यांचे अर्ज ज्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे पत्ते वाटून त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, जातील, तिला कारखान्याच्या उलाढालीत, बँकेच्या ठेवींत किंवा महाविद्यालयाच्या मानांकनात फारसा रस नसतो. संस्था खाजगी आहे, सहकारी आहे, धर्मादाय आहे की सरकारी आहे, यावरून पत्त्यांचा वर्ग ठरत नाही. कायदेशीर अस्तित्वाचे कागद अर्थातच पाहिले जातात, पण वर्गवारीचा आधार एकाच प्रश्नाच्या उत्तरात असतो: हे पत्ते तुम्ही स्वतःच्या जाळ्यात वापरणार, की पुढे दुसऱ्यांना देणार?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण संस्थेला किती पत्ते मिळतील, इंटरनेट पुरवठादार बदलल्यावर ते तिच्याकडे राहतील का, त्यांची नोंद कोणी ठेवायची आणि गैरवापराची तक्रार आली तर उत्तर कोणी द्यायचे, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून अर्ज भरण्याचे काम बाहेरच्या सल्लागारावर सोपवून मोकळे होण्याआधी संस्थेच्या जबाबदार माणसांनी ही वर्गवारी स्वतः समजून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पत्ते येतात कुठून, हे आधी थोडक्यात पाहू. जगभरच्या आयपी पत्त्यांचा मूळ साठा आयाना या व्यवस्थेकडे असतो. तिच्याकडून मोठमोठे गठ्ठे पाच प्रादेशिक रजिस्ट्रींकडे जातात: युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियासाठी राइप एनसीसी, आशिया-प्रशांत प्रदेशासाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी आरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. आपण एपनिकच्या प्रदेशात येतो. तिचे मुख्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. एपनिकच्या खाली काही देशांत राष्ट्रीय रजिस्ट्री आहेत. भारतात हे काम २०१२ पासून इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स, म्हणजे इरिन, ही रजिस्ट्री पाहते आणि ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया अर्थात निक्सी या संस्थेचा भाग आहे. अर्ज इरिनकडे गेला तरी नियमांचा गाभा एपनिकच्या धोरणांचाच असतो, आणि ती धोरणे सदस्य व इतर इच्छुक मंडळी खुल्या चर्चेतून ठरवतात.

आज वर्गवारी संस्थांची होते, पण इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात ती पत्त्यांचीच होत असे. तेव्हा जॉन पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी क्रमांकांची वही सांभाळत. पत्त्यांचे गठ्ठे ठरावीक मापांचे होते: अ वर्गाच्या गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते, ब वर्गात ६५,५३६ आणि क वर्गात अवघे २५६. दोन हजार संगणक असलेल्या संस्थेला क वर्ग अपुरा पडे, म्हणून ती ब वर्ग मागे आणि त्यातले साठ हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. अ वर्गाचा अख्खा गठ्ठा एकेका कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या नावावर झाल्याचीही उदाहरणे आहेत. अ‍ॅपल आणि फोर्ड या कंपन्या त्यांपैकीच. त्या वेळी हे कोणाला खटकले नाही, कारण एवढे पत्ते कधी कमी पडतील असे वाटलेच नव्हते. १९९३ मध्ये मात्र ठरावीक मापांची पद्धत सोडून हव्या त्या आकाराचा गठ्ठा देता येईल अशी रचना आली. त्यानंतर गठ्ठ्याचा आकार मागणाऱ्याच्या गरजेवरून ठरू लागला, आणि गरज मोजायची तर मागणारा कोण आहे व पत्त्यांचे काय करणार आहे हे विचारणे भाग पडले.

आता मुख्य दोन वर्गांकडे वळू.

पहिला वर्ग पत्ते पुढे देणाऱ्यांचा. यांना स्थानिक इंटरनेट रजिस्ट्री, संक्षेपाने एलआयआर, म्हणतात आणि व्यवहारात यातले बहुतेक जण आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवठादार, असतात. त्यांना मिळणारा गठ्ठा 'अलोकेशन' या नावाने नोंदवला जातो. तो साठा असतो आणि त्यातून ते आपल्या ग्राहकांना पत्ते देतात. दुसरा वर्ग अंतिम वापरकर्त्यांचा, म्हणजे एंड-यूजरांचा. त्यांना मिळालेल्या गठ्ठ्याला 'असाइनमेंट' म्हणतात आणि तो सांगितलेल्या जाळ्यातच वापरायचा असतो. त्यातला तुकडा काढून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. सुताचा घाऊक व्यापारी आणि यंत्रमागधारक दोघेही सूतच घेतात, पण पहिल्याचे सूत इतरांच्या मागांवर जाते आणि दुसऱ्याचे त्याच्याच मागावर लागते. रजिस्ट्री नेमका हाच फरक पाहते.

या दोन वर्गांना छेदणारा आणखी एक भेद आहे, आणि सोलापुरातल्या संस्थांना तोच अधिक जाणवतो: पत्ते सोबत नेता येतात की नाही. रजिस्ट्रीकडून थेट मिळालेले पत्ते 'पोर्टेबल' असतात, म्हणजे पुरवठादार बदलला तरी ते संस्थेकडेच राहतात. पुरवठादाराने त्याच्या साठ्यातून दिलेले पत्ते 'नॉन-पोर्टेबल' असतात. करार संपला की ते परत जातात. चिंचोळीच्या त्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. त्याने लीज्ड लाइन, म्हणजे स्वतःपुरती राखीव जोडणी, घेतली आणि तिच्यासोबत आठ स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपींचा लहान गठ्ठा मिळाला. पुढे काही वर्षांत मेल सर्व्हर एका पत्त्यावर बसला, परदेशी खरेदीदाराच्या फायरवॉलमध्ये दुसऱ्या पत्त्याला परवानगी मिळाली, बँकेच्या पेमेंट व्यवस्थेत तिसरा पत्ता नोंदवला गेला आणि कॅमेरे दुरून पाहण्यासाठी चौथा लागला. आता दुसरा पुरवठादार स्वस्तात दुप्पट वेग देतो म्हणून लाइन बदलायची ठरवली, तर हे सारे पत्ते बदलावे लागतात, प्रत्येक पक्षाला कळवावे लागते आणि नव्या पत्त्यावरून जाणारी मेल काही दिवस समोरच्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडण्याची शक्यता असते. म्हणून अनेक जण महाग आणि मंद सेवा तशीच सहन करत राहतात.

मग प्रत्येकानेच पोर्टेबल पत्ते का घेऊ नयेत? त्याचे उत्तर इंटरनेटच्या मार्गदर्शक तक्त्यात आहे. रहदारीला वाट दाखवणाऱ्या जगातील मोठ्या राउटरांना कोणता गठ्ठा कोणत्या दिशेला आहे याची यादी सांभाळावी लागते, आणि आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीसाठी ही यादी आज दहा लाखांच्या आसपास नोंदींची झाली आहे. एखाद्या आयएसपीने आपल्या हजारो ग्राहकांचे पत्ते एकाच मोठ्या गठ्ठ्यातून दिले, तर त्या सर्वांसाठी एकच नोंद पुरते. पण प्रत्येक दुकानाने आणि दवाखान्याने स्वतःचा वेगळा गठ्ठा जाहीर केला, तर यादी कोणत्याही यंत्राला पेलणार नाही. म्हणून थेट पत्ते मागणाऱ्याला त्यामागचे तांत्रिक कारण दाखवावे लागते. आयपीव्ही४मध्ये २५६ पत्त्यांपेक्षा लहान गठ्ठा सर्वसाधारणपणे जगभर पोहोचत नाही, कारण बहुतेक जाळी त्याहून लहान नोंदी स्वीकारतच नाहीत.

अंतिम वापरकर्त्यासाठी सर्वांत ग्राह्य कारण म्हणजे दोन वेगवेगळ्या पुरवठादारांशी एकाच वेळी जोडणी, ज्याला मल्टिहोमिंग म्हणतात. रस्त्याच्या कामात फायबर तुटणे ही गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. ज्या बँकेच्या सगळ्या शाखा मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर चालतात, तिला एका तुटलेल्या केबलमुळे व्यवहार बंद ठेवणे परवडत नाही. दोन पुरवठादार असतील आणि पत्ते स्वतःचे असतील, तर तेच पत्ते दोन्ही बाजूंनी जाहीर करता येतात व एक वाट बंद पडली की रहदारी आपोआप दुसरीकडे वळते. त्यासाठी पत्त्यांबरोबर एएस नंबर, म्हणजे संपूर्ण जाळ्याची इतर जाळ्यांना ओळख पटवणारा क्रमांकही लागतो आणि तोही रजिस्ट्रीच देते. एपनिकच्या धोरणानुसार अशा संस्थेने आधीच मल्टिहोमिंग केलेले असावे किंवा लवकरच करण्याचा ठोस आराखडा दाखवावा, आणि मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच व ५० टक्के वर्षभरात वापरात येतील हे पटवून द्यावे, अशी अपेक्षा असते.

आयएसपीकडून वेगळा तपशील मागितला जातो. त्याचे ग्राहक कुठे आहेत, सध्या त्यांना कोणाचे पत्ते दिले आहेत, वर्षभरात किती जोडण्या वाढतील, बँडविड्थ कोणाकडून घेतली आहे, अशी माहिती द्यावी लागते. येथे दोन वर्गवाऱ्यांची गल्लत नेहमी होते. दूरसंचार विभागाच्या युनिफाइड लायसन्स पद्धतीत आयएसपींचे अ, ब आणि क असे प्रकार आहेत: अ म्हणजे संपूर्ण देश, ब म्हणजे एखादे दूरसंचार वर्तुळ किंवा महानगर आणि क म्हणजे त्याहून लहान, ढोबळपणे जिल्ह्याएवढे क्षेत्र. हा परवाना सेवा कुठे देता येईल ते सांगतो. रजिस्ट्रीच्या दृष्टीने देशव्यापी कंपनी आणि एका जिल्ह्यापुरती कंपनी दोन्ही एकाच वर्गात बसतात, कारण दोघीही पत्ते पुढे देतात. उलट, ज्या केबलचालकाने एखाद्या मोठ्या कंपनीची जोडणी आपल्या भागात पोहोचवण्याचे काम घेतले आहे, तो ग्राहकाच्या नजरेत 'नेटवाला' असला तरी पत्ते त्या मोठ्या कंपनीच्या नावावर असतात आणि रजिस्ट्रीच्या नोंदीत त्याचे नाव कुठेच नसते.

खरी कसोटी लागते ती सीमेवरच्या संस्थांच्या बाबतीत.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात विद्यार्थी स्वतःचे लॅपटॉप आणि फोन जोडतात. ही यंत्रे महाविद्यालयाची नाहीत. मग महाविद्यालय दुसऱ्यांना पत्ते देते असे म्हणायचे का? पंढरपूरच्या भक्तनिवासात यात्रेकरूंना वायफाय मिळते, तिथेही हाच प्रश्न येतो. शब्दशः पाहिले तर पत्ता दुसऱ्याच्या यंत्राला गेला, आणि असाइनमेंटमध्ये ते चालत नाही. युरोपच्या रजिस्ट्रीत यावर दीर्घ चर्चा झाली आणि शेवटी धोरणात खुलासा जोडला गेला: जोडणी जर पत्तेधारकाच्याच जाळ्यात असेल आणि पाहुण्याला त्या जाळ्यातला सुटा पत्ता मिळत असेल, तर ते पुढे वाटप नव्हे; पाहुण्याच्या स्वतःच्या जाळ्यासाठी वेगळा तुकडा काढून दिला, तर मात्र ते वाटप ठरते. मला हा खुलासा फार मोलाचा वाटतो, कारण तो यंत्राच्या मालकीकडे न पाहता जाळे कोण चालवतो याकडे पाहतो आणि जबाबदारीही त्याच्याकडेच राहते.

हीच कसोटी विद्यापीठाला लावून पाहा. विद्यापीठाने स्वतःच्या आवारातील विभाग, ग्रंथालय आणि वसतिगृहे यांना पत्ते दिले, तर ते अंतिम वापरकर्तेच राहते. पण जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालये वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांची असतात. त्यांच्या जाळ्यांसाठी विद्यापीठाने आपल्या गठ्ठ्यातून तुकडे दिले, तर ते कामापुरते एलआयआर झाले आणि त्याला अलोकेशन मागायला हवे होते. नफा कमावणे किंवा न कमावणे याने यात काहीच फरक पडत नाही. सर्व्हर भाड्याने देणारे डेटा सेंटरही असेच सीमेवर असते: सर्व्हर आणि जाळे त्याचेच असेल आणि ग्राहक फक्त सर्व्हर वापरत असेल तर एक उत्तर, ग्राहक आपले राउटर आणून गठ्ठाच मागत असेल तर दुसरे.

या दोन मोठ्या वर्गांशिवाय एक लहान वर्ग अत्यावश्यक पायाभूत व्यवस्थांचा आहे. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेचे रूट सर्व्हर, देशांच्या डोमेनचे मुख्य सर्व्हर आणि वेगवेगळी जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात ती इंटरनेट एक्स्चेंज यांच्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांची गरज संख्येने अगदी लहान असते, पण ती अडली तर सर्वांचेच अडते.

वर्गवारीच्या पद्धती पाचही रजिस्ट्रींत सारख्या नाहीत. राइप एनसीसीमध्ये सदस्य होणारी प्रत्येक संस्था एलआयआरच मानली जाते, मग ती बँक असो वा विद्यापीठ. अंतिम वापरकर्त्याला स्वतंत्र पत्ते हवे असतील तर तो एखाद्या एलआयआरला प्रायोजक करून ते मिळवू शकतो. आरिनमध्ये आयएसपी आणि अंतिम वापरकर्ते यांच्या शुल्काचे तक्ते वर्षानुवर्षे वेगळे होते, ते २०२२ पासून एक झाले. एपनिकमध्ये शुल्क प्रामुख्याने संस्थेकडे असलेल्या पत्त्यांच्या प्रमाणावरून ठरते.

ठरलेला वर्ग फाइलमध्ये बंद राहत नाही. एपनिकच्या व्हूइज नोंदीत, म्हणजे कोणता गठ्ठा कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या खुल्या यादीत, प्रत्येक गठ्ठ्यापुढे 'अलोकेटेड पोर्टेबल', 'असाइन्ड पोर्टेबल' किंवा 'असाइन्ड नॉन-पोर्टेबल' असा दर्जा लिहिलेला असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. एखाद्या पत्त्यावरून फसवणुकीचे मेल आले किंवा हल्ला झाला, तर तपास करणारा आधी हीच नोंद उघडतो. दर्जा असाइनमेंटचा असेल तर तो सरळ त्या संस्थेशी बोलतो. अलोकेशनचा असेल तर आयएसपीला विचारावे लागते की त्या वेळी हा पत्ता कोणाकडे होता. म्हणून आयएसपीने ग्राहकांना दिलेल्या गठ्ठ्यांची नोंद अद्ययावत ठेवणे आणि तक्रारीसाठी चालू संपर्क देणे ही त्याच्या वर्गाबरोबर आलेली बांधिलकी आहे. तेथे दिलेला ईमेल कोणी वाचतच नसेल, तर एका ग्राहकाच्या चुकीपायी शेजारचे शेकडो पत्ते इतरांच्या काळ्या यादीत जाऊ शकतात.

वर्ग आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर पडले तर काय होते, याचे मोठे उदाहरण आफ्रिकेत घडले. आफ्रिनिकने एका कंपनीला दिलेले साठ लाखांहून अधिक पत्ते सांगितलेल्या कारणासाठी आणि त्या प्रदेशात वापरले जात नाहीत, असा आक्षेप घेतला. कंपनीने तो नाकारला आणि प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयांत गेले. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रजिस्ट्रीची बँक खातीच काही काळ गोठवली गेली होती. एवढ्या टोकाला गोष्टी जाण्यामागे टंचाई आहे. आयपीव्ही४चे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. आयानाकडचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिक आपल्या शेवटच्या मोठ्या गठ्ठ्यावर आली. २०११ मध्येच दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, तेव्हा पत्त्यांना बाजारभाव असतो हे उघड झाले. वाटून द्यायला म्हणून पत्ते घ्यायचे आणि भाड्याने लावायचे, हा मोह तेव्हापासून वाढला. त्याला आवर घालण्यासाठी एपनिकने आपल्या शेवटच्या गठ्ठ्यातील पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षे हस्तांतरित करता येणार नाहीत असा नियम केला, आणि २०१९ पासून त्या गठ्ठ्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त ५१२ पत्तेच मिळतात. जुळे सोलापुरातील नव्या आयएसपीला हजारो ग्राहक असले तरी याहून अधिक मिळणार नाहीत. त्याला इंटरनेटवर दिसणाऱ्या एकाच पब्लिक आयपीमागे अनेक घरे ठेवावी लागतात.

म्हणून या चारही संस्थांनी पहिल्याच अर्जात आयपीव्ही६, म्हणजे कितीतरी अधिक पत्ते असलेल्या नव्या पद्धतीचे पत्ते, मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे टंचाईचा प्रश्नच उरत नाही, तरीही वर्गवारी कायम आहे आणि तिचे कारण अधिक स्वच्छ दिसते. अंतिम वापरकर्त्याला साधारणपणे स्लॅश ४८ आकाराचा गठ्ठा मिळतो (स्लॅशपुढचा आकडा जितका लहान, तितका गठ्ठा मोठा), ज्यात ६५,५३६ स्वतंत्र उपजाळी मांडता येतात. कारखाना, बँक किंवा महाविद्यालय यांना ते अनेक दशके पुरेल. आयएसपीला किमान स्लॅश ३२ मिळतो आणि त्यात असे ६५,५३६ स्लॅश ४८ बसतात. ज्या संस्थेकडे एपनिकच्या धोरणानुसार मिळालेले आयपीव्ही४ पत्ते आधीच आहेत, तिला त्याच वर्गाला साजेसा आयपीव्ही६ गठ्ठा वेगळे समर्थन न देता मिळण्याची सोय आहे. आज अंतिम वापरकर्ता म्हणून स्लॅश ४८ घेतलेल्या संस्थेने उद्या इतर संस्थांना जोडण्या द्यायचे ठरवले, तर तिने त्या गठ्ठ्याचे तुकडे न पाडता आधी रजिस्ट्रीला कळवून अलोकेशनसाठी नवा अर्ज करायचा असतो, आणि नवा गठ्ठा हातात येईपर्यंत त्या जोडण्या पुरवठादाराच्या पत्त्यांवर चालवता येतात.